गोंड्याचा फाल्गुन

लांब केसांचा कुत्रा ज्यांच्या घरी आहे त्यांना वर्षातून दोनदा तरी एकच प्रश्न पडतो: एवढे केस येतात कुठून? आमचा गोंड्या स्पिट्झ आहे. पांढरा शुभ्र, उभ्या कानांचा, शेपटीचा झुबका पाठीवर टाकून हिंडणारा. पुण्यात अजूनही बरेच लोक त्याला पॉमेरियनच म्हणतात. १९९४ सालच्या ‘हम आपके हैं कौन’मधला टफी याच जातीचा, असं सांगितलं की चटकन ओळख पटते. गोंड्याचे केस विंचरता विंचरता जे उमगत गेलं ते इथे मांडते आहे. तुमचा कुत्रा वेगळा, घर वेगळं. त्यातलं काय घ्यायचं नि काय सोडायचं ते तुम्हीच ठरवाल.

१. सगळ्यात आधी उमगलं ते हे, की ही गळती थांबवायची नसते. पहिल्याच उन्हाळ्यात मी डॉक्टरांकडे औषध मागायला गेले होते. त्यांनी गोंड्याचे केस बोटांनी फाकवून ठिकठिकाणी कातडी पाहिली आणि म्हणाले, “कातडी स्वच्छ आहे, खाज नाही, टक्कल नाही. आजारी नाहीये तो. थंडीचे कपडे उतरवून ठेवतोय.”

मग मी त्यामागचं कारण समजून घेतलं आणि थक्क झाले. हा बदल मुख्यतः उजेडावर चालतो. रात्रीच्या अंधारात मेंदूतली पिनियल ग्रंथी मेलाटोनिन तयार करते. रात्री लहान होऊ लागल्या की ते कमी वेळ तयार होतं, आणि त्यावरून केसांच्या मुळांना ऋतू पालटल्याचं कळतं. ऊन-थंडीचा वाटा असतो, पण तो दुसरा. गोंड्याचे मूळ पूर्वज जर्मनीकडचे. तिथल्या उत्तर किनाऱ्यावर जूनमधला दिवस १७ तासांचा, तर डिसेंबरमधला सव्वासात तासांच्या आसपास. पुण्यात हाच हिशोब सुमारे सव्वातेरा तास आणि ११ तास असा आहे. तिकडच्या कुत्र्याला ऋतूबदलाची जेवढी स्पष्ट वर्दी मिळते, तेवढी आपल्याकडे मिळतच नाही. त्यात घरात रात्री उशिरापर्यंत दिवे. म्हणून आमच्याकडे दोन-तीन आठवड्यांत सगळं गळून मोकळं, असं होत नाही. होळीच्या आधी सुरुवात होते, पाडव्याला जोर येतो, अक्षय्य तृतीयेपर्यंत ते रेंगाळतं. पाऊस सरला की नवरात्राच्या सुमारास पुन्हा एक लाट येते. अधल्यामधल्या महिन्यांतही थोडंफार चालूच असतं. पुण्यात जन्मलेल्या, बर्फाचा कणही न पाहिलेल्या या जिवाच्या अंगात उत्तरेकडचा सूर्य अजून मोजला जातो, हे कळल्यापासून जमिनीवरच्या केसांकडे मी वेगळ्या नजरेनं बघते.

२. जे दिसतं ते फारसं गळत नाही आणि जे गळतं ते वरून दिसत नाही. स्पिट्झच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वर लांब, राठ, सरळ केस; ते ऊन-पाऊस-धूळ अडवतात. खाली दाट मऊ लव. ती ऊब धरते. कातडीच्या एकाच छिद्रातून एक राठ केस आणि त्याच्या सोबतीनं लवेचे कितीतरी तंतू बाहेर येतात. मोसमात सुटते ती मुख्यतः ही लव. सुटली तरी ती लगेच खाली पडत नाही, वरच्या लांब केसांत अडकून बसते. वरवर ब्रश फिरवला की राठ केस छान चमकतात, कुत्रा देखणा दिसतो आणि आत मेलेल्या लवेचा थर तसाच राहतो. तो दाबला गेला की नमद्यासारखा घट्ट होतो, त्याखाली हवा खेळत नाही, आणि पुढची दुखणी तिथून सुरू होतात.

म्हणून विंचरायचं ते भांग पाडत. गोंड्याला कुशीवर निजवते. डाव्या तळव्यानं केस उलटे वर दाबून धरले की खाली कातडीची गुलाबी रेघ दिसते. त्या रेघेपासून केस थोडे थोडे खाली विंचरून घ्यायचे, मग तळवा बोटभर वर सरकवायचा आणि नवी रेघ पाडायची. पोटापासून पाठीच्या कण्यापर्यंत असं चढत जायचं. सगळं झाल्यावर स्टीलचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत न अडखळता गेला, तरच तेवढा भाग झाला असं मी धरते. कानामागे, खाकेत, गळपट्ट्याखाली आणि मांड्यांच्या मागच्या दाट केसांत गुंते हमखास सापडतात. गाठ झालेल्या ठिकाणी मी कात्री घालत नाही. गाठीबरोबर कातडी वर ओढली गेलेली असते आणि ती कुठे संपते, केस कुठे सुरू होतात, हे डोळ्यांना कळत नाही. त्याऐवजी गाठीवर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळते, गाठीचं मूळ दोन बोटांत घट्ट धरते म्हणजे ओढ कातडीला बसत नाही, आणि टोकाकडून एकेक बट सोडवत आत जाते. वेळ लागतो. तो द्यावाच लागतो.

३. अवजारं थोडीच लागतात. दुकानात भिंतभर प्रकार टांगलेले असतात, पण माझ्या हातात तीनच फिरतात: बारीक वाकड्या तारांचा स्लिकर ब्रश, लव ओढून काढणारा विरळ दात्यांचा रेक, आणि एका टोकाला दाट, दुसऱ्या टोकाला विरळ दाते असलेला स्टीलचा कंगवा. स्लिकर हलक्या हातानं. दाबला की तारांनी कातडी सोलवटते. आधी आपल्याच मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून पाहावा. दातेरी पात्याची जी अवजारं मिळतात त्यांनी क्षणात ढीगभर केस निघतात, म्हणून ती लोकांना आवडतात. पण ती जास्त फिरवली तर चांगले राठ केसही कापले जातात. मी ती ठेवलेली नाहीत.

४. कुत्र्याची तयारी नसेल तर विंचरणं पुढे सरकत नाही. गोंड्या नको म्हणतो ते गुरगुरून नव्हे. तो आधी मान फिरवतो, मग ओठ चाटतो, मग झोप आलेली नसताना जांभई देतो. ही तिन्ही लक्षणं अस्वस्थपणाची, हे मला एका प्रशिक्षकानं दाखवून दिलं. ती दिसली की मी हात थांबवते, त्याला उठू देते. बहुतेक वेळा तो खोलीत एक फेरी मारून आपणहून परत येऊन पडतो. मोसमात रोज थोडा वेळ बसायचं, इतर वेळी आठवड्यातून दोन-तीनदा. सगळं एका बैठकीत उरकायचा अट्टहास केला की दुसऱ्या दिवशी कंगवा पाहूनच तो पलंगाखाली जातो. आणि पिल्लू घरी आलेल्यांना एवढंच सांगेन: केस विंचरण्याजोगे वाढायच्या आधीच ब्रशची ओळख करून द्या. पंजे हातात घेणं, कान उलटून बघणं, शेपटी उचलणं, सगळ्याची.

५. आंघोळीनं केस सुटायला मदत होते, पण आंघोळीच्या आधी विंचरलेलं असेल तरच. कोरड्या अंगावरचा गुंता सुटतो, ओला झाला की तोच आवळला जातो. म्हणून आधी कंगवा, मग कोमट पाणी. माणसांचा शॅम्पू वापरायचा नाही. आपल्या कातडीचा पीएच साधारण साडेपाचच्या आसपास असतो, कुत्र्याचा त्याहून बराच वर, सातच्या जवळपास. आपल्यासाठी सौम्य ते त्याच्यासाठी सौम्य असेलच असं नाही. शिकेकाई-रिठ्याचा सल्ला आम्हाला पुष्कळांनी दिला. रिठा डोळ्यांत गेला की किती झोंबतो हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे, आणि गोंड्याला डोळे मिटून घे म्हणून सांगता येत नाही.

खरं काम आंघोळीनंतर असतं. वरचे केस वाळलेले दिसतात तेव्हा आतली लव चिंबच असते. पुण्याच्या श्रावणात ती आपोआप वाळत नाही. ओल मुरली की कातडीवर लाल, ओलसर, दुखरा चट्टा उठतो. कुत्रा तो चाटत सुटतो आणि काही तासांत चट्टा तळहाताएवढा होतो. म्हणून आधी जुन्या सुती पंचानं दाबून पाणी टिपायचं, घासायचं नाही, आणि मग ड्रायर गार किंवा अगदी कोमट ठेवून, भांग पाडत पाडत मुळापर्यंत वाळवायचं. सुटलेली लव त्या वाऱ्यावर भसाभस बाहेर येते, म्हणून हे काम आम्ही गच्चीत करतो. पावसाळ्यात मी आंघोळी कमी करते आणि फिरून आल्यावर पोट आणि पंजे तेवढे धुऊन कोरडे करते.

६. उन्हाळ्यात त्याला भादरायचं नाही, यावर मी ठाम आहे. चैत्र लागला की जिन्यात, लिफ्टमध्ये, बागेत प्रत्येक जण कळवळून सांगतो, “अहो, किती उकडत असेल त्याला! मशीन फिरवून आणा की.” सांगणाऱ्याच्या मनात दयाच असते, त्यामुळे मी प्रत्येकाला थांबून समजावते. आपण अंगभर घामानं निवतो; कुत्र्याला तसा घाम फक्त पंजांच्या गाद्यांना येतो. तो निवतो मुख्यतः धापा टाकून, जिभेवाटे, तोंडावाटे. अंगावरचे केस काढल्यानं घामाला वारा लागून थंडावा मिळावा, अशी त्याच्या शरीराची रचनाच नाही. उलट नीट विंचरलेले दोन थर बाहेरची झळ थोपवतात आणि खालच्या फिक्या कातडीला उन्हापासून सांभाळतात. भादरल्यावर ती कातडी उघडी पडते आणि भाजते.

दुसरं कारण मला जास्त भिवविणारं आहे. स्पिट्झच्या कुळातल्या कुत्र्यांचे केस जवळून कापले की ते पूर्वीसारखे येतीलच याची खात्री नसते. कधी वर्षभर येत नाहीत. कधी लवच आधी दाट येते आणि राठ केस मागे राहतात, मग अंग ठिगळाठिगळाचं दिसतं आणि गुंते वाढतात. आमच्या फिरण्याच्या वाटेवर एक असाच स्पिट्झ भेटतो. पाठीवर पट्टाभर केस कायमचे विरळ झालेले. त्याच्या घरच्यांनी ते त्याच्या भल्यासाठीच केलं होतं, आणि त्या बाई त्याच्याबद्दल बोलतात तेव्हा मला त्यांचा हात हातात घ्यावासा वाटतो.

जखम झाली, कातडीचा रोग झाला किंवा जटा इतक्या झाल्या की सोडवताना हालच होतील, तर डॉक्टर केस काढतात आणि ते योग्यच आहे. एरवी मी कात्री लावते ती पंजांच्या गाद्यांमधल्या केसांना आणि शेपटीखाली, स्वच्छतेपुरती. उकाड्याचा बंदोबस्त वेगळा करायचा असतो. ऊन चढायच्या आत फिरणं, संध्याकाळी रस्त्यावर हाताची मागची बाजू टेकवून चटका बसत नाही ना हे बघणं, पाण्याची दोन भांडी, पोटाखाली आणि मांड्यांच्या आत ओलं फडकं, आणि न्हाणीघराबाहेरची शहाबादी फरशी. ती जागा गोंड्यानं स्वतः शोधली. वैशाखात तो दुपारभर तिथे असतो.

७. घरात केस राहणारच. माणसं कशी राहतात हे महत्त्वाचं. माझ्या सासूबाईंचं देवघर, त्यांचं सोवळं, त्यांची ठेवणीतली काळी चंद्रकळा, आणि समोर पांढरे केस उडवत फिरणारा हा जीव. मी धास्तावले होते. त्यांनी मात्र एकदाही ‘याला बाहेर काढा’ म्हटलं नाही. देवघराच्या उंबरठ्याच्या आत यायचं नाही, एवढं त्यांनी गोंड्याला शिकवलं. तेही आवाज न चढवता, रोज तिथे थांबल्यावर खडीसाखरेऐवजी गाजराचा तुकडा देऊन. केस कसे गोळा करायचे हे मला त्यांनीच शिकवलं. मी सकाळी केरसुणी घेतली की त्या म्हणायच्या, “अगं, कोरड्या झाडणीनं नुसते उडतात ते. आधी ओलं फडकं फिरव, मग केर काढ.” आणि खरंच, ओल्या फडक्याला लव चिकटून येते. भिंतीकडून मधे, मग दाराकडे. पंखा बंद ठेवून.

बाकीच्या युक्त्या आम्ही दोघींनी मिळून शोधल्या. सोफ्यावरून किंचित ओला रबरी हातमोजा एकाच दिशेनं फिरवला की केसांची वळी होऊन निघते. कपडे धुण्याआधी कोरडेच गच्चीत झटकायचे, कारण यंत्रात पाणी लागलं की केस धाग्यांत रुततात. गोंड्याच्या झोपायच्या जागी जुनी सुती चादर अंथरायची आणि चादरच उचलून झटकायची. सणाच्या स्वयंपाकाआधी त्याला विंचरून घ्यायचं, नंतर नाही. पुरणपोळीच्या दिवशी हा क्रम आमच्याकडे कधी चुकत नाही.

एका नातेवाइकांनी सासूबाईंच्या वयाचा दाखला देत, या केसांनी दमा होईल अशी भीती घातली होती. आमच्या डॉक्टरांनी समजावलं की ॲलर्जी होते ती मुळात केसाची नसते. कुत्र्याची लाळ आणि कातडीचा कोंडा यांतल्या प्रथिनांची असते; केस ती वाहून नेतात. म्हणून ज्यांना त्रास आहे त्यांनी कुत्र्याला स्वतः विंचरू नये, विंचरणं घराबाहेर व्हावं आणि झोपायची खोली वेगळी ठेवावी. सासूबाईंना कधी त्रास झाला नाही. त्या दुपारी पोथी वाचतात तेव्हा गोंड्या उंबरठ्याबाहेर पुढचे पाय पसरून बसलेला असतो. “आई, जागा बदला, त्याचे केस येतील पदरावर,” असं मी म्हणाले की त्या म्हणतात, “येऊ दे. पदर झटकता येतो.”

८. केसांची गुणवत्ता ताटलीत ठरते. केस म्हणजे केराटिन, म्हणजे प्रथिन. दोन थरांचं एवढं पीक नव्यानं उभं करायला शरीराला भरपूर प्रथिन लागतं. आमचं घर शाकाहारी. कुत्र्याला दूध-पोळी किंवा दहीभात घालण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे, आणि त्यामागची माया खरी असते. पण तेवढ्यावर लांब केसांचा कुत्रा मोसमातून निभत नाही. डॉक्टरांशी बोलून आम्ही त्याचं खाणं ठरवलं, आणि त्यात उकडलेलं अंडं आलं. त्याचं वेगळं पातेलं मागच्या गॅलरीत असतं. ही व्यवस्था सासूबाईंनीच सुचवली. अंडं उकडलेलंच, कारण कच्च्या पांढऱ्या बलकातलं अविडिन बायोटिन शरीराला मिळू देत नाही, आणि बायोटिन केसांना हवंच. माशाचं तेल डॉक्टर सांगतील त्या मापानं. जास्त झालं तर पोट बिघडतं. आमटी, भाजी मात्र मुळीच नाही. कांद्या-लसणानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. आहार बदलला तरी फरक केसांत उतरायला दीड-दोन महिने जातात. वरून खोबरेल तेल चोपडून चकाकी आणता येते, पण त्यावर धूळ बसते आणि कुत्रा ते चाटून टाकतो.

९. मला सर्वांत नम्र केलं ते हातांनी. रोज मुळापर्यंत विंचरलं की बोटांना त्या शरीराचा नकाशा पाठ होतो. कुठे जुना व्रण आहे, कोणती बरगडी किंचित पुढे आहे, कुठे हात लावला की तो डोळे मिटतो. मग काही वेगळं लागलं तर हात आपोआप थांबतो. एका पावसाळ्यात असंच झालं. कानाच्या मागे आणि पंजाच्या बोटांमध्ये गोचिडी सापडल्या. आठवडाभरानं गोंड्यानं जेवणाकडे पाठ फिरवली आणि ओठ उचलून पाहिले तर हिरड्या नेहमीपेक्षा फिक्या. गोचिडी निघालेल्या आहेत हे ठाऊक असल्यामुळे मी वाट बघत बसले नाही. रक्ततपासणीत एर्लिकिया निघाला, गोचीड-तापाचा एक प्रकार. उपचार लगेच सुरू झाले आणि तो सावरला. इतक्या दाट केसांत गोचीड वरून कधीच दिसली नसती.

मोसमातली गळती आणि आजारातली गळती यांतला फरकही हातालाच आधी कळतो. मोसमात लव सगळ्या अंगावरून सारखी सुटते आणि खाली कातडी शाबूत असते. टक्कल पडू लागलं, तेही दोन्ही कुशींवर सारखंच, कुत्रा सुस्तावला, खाणं तेवढंच असून वजन वाढलं, तर थायरॉइड तपासायला हवं. गोल, खवल्यांचा चट्टा असेल तर बुरशी असू शकते, आणि ती घरातल्या मुलाबाळांनाही लागते. सतत खाज, लाली, कुबट वास, तेलकट कोंडा, यांपैकी काहीही मोसमाच्या नावावर खपवू नये. मादी असेल तर माजानंतर दोन-चार महिन्यांनी किंवा पिल्लं झाल्यावर एकदम खूप केस जातात. त्यानं बरेच लोक घाबरतात. तब्येत बाकी ठीक असेल तर ते केस परत येतात.

१०. गोळा झालेल्या लवेचं काय करायचं, या प्रश्नानं मला फार दूर नेलं. कॅनडा आणि अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या कोस्ट सेलिश लोकांनी हजारो वर्षं लोकरीसाठी कुत्रे पाळले होते. पांढरे, दाट लवेचे, दिसायला स्पिट्झच्या जवळचे. मेंढीसारखी त्यांची लोकर कातरायची, तिच्यात डोंगरी बकऱ्यांचे केस आणि वनस्पतींचे धागे मिसळायचे आणि मानाची पांघरुणं विणायची. कुत्रे सांभाळणं आणि विणणं, दोन्ही बायकांकडे होतं. इतर कुत्र्यांशी संकर होऊ नये म्हणून त्यांना छोट्या बेटांवर वेगळं ठेवत. गोऱ्या वसाहतवाल्यांबरोबर आलेली रोगराई आणि बंधनं यांत माणसं खचली, विणण्याची परंपरा दाबली गेली, आणि ही जात नामशेष झाली. १८५९ मध्ये मेलेल्या ‘मटन’ नावाच्या एका कुत्र्याचं कातडं स्मिथसोनियन संग्रहालयात राहिलं आहे. त्याच्या डीएनएचा अभ्यास २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला, आणि त्यात सेलिश वडीलधाऱ्यांच्या आठवणींनाही जागा दिली गेली. जी लव मी रोज पिशवीत भरते, तिच्यासाठी कुणी पिढ्यान् पिढ्या कुत्रे जपले होते. गोंड्याच्या लवेचा मऊपणा बोटांना जाणवतो तेव्हा त्या विणकर बायका मला आठवतात.

गच्चीत ही लव ठेवली तर बुलबुल घरट्यासाठी नेतील, असं पुष्कळ जण प्रेमानं सुचवतात. मी ठेवत नाही. ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या टिट पक्ष्यांची केसांनी मढवलेली घरटी तपासली. त्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. त्या घरट्यांत पाळीव प्राण्यांच्या पिसवा-गोचिडींवरची फिप्रोनिल आणि परमेथ्रिन ही औषधं सापडली, आणि जिथे ती जास्त होती तिथे न उबलेली अंडी आणि मेलेली पिल्लंही जास्त होती. गोंड्याच्या मानेवर आम्ही गोचिडींचं औषध लावतो. ते लावावंच लागतं. मग त्याचे केस बुलबुलांसाठी नाहीत. बांधलेल्या पिशवीतून कचऱ्यात जातात.

११. म्हाताऱ्या कुत्र्याचा मोसम वेगळा असतो. गोंड्याची लव आता एकसारखी सुटत नाही. मांड्यांवर ती महिनाभर उशिरा सैल होते, पाठीवर राठ केस पूर्वीहून विरळ झालेत, आणि स्वतःचं अंग चाटून साफ करणं त्यानं जवळजवळ सोडलं आहे. त्यामुळे गुंते अशा जागी होतात जिथे पूर्वी कधी होत नव्हते. मागच्या पायांचे सांधे दुखतात, म्हणून उभं राहून विंचरून घेणं संपलं. डॉक्टरांनी दिलेल्या गोळीचा अंमल चढला की मगच मी कंगवा हातात घेते. कूस बदलताना त्याला त्रास होतो, तेव्हा एका दिवशी एकच कूस करते. त्याच्या अंगाखाली जाडसर सतरंजी लागते, ब्रश आणखी हलका लागतो, आणि मांडीच्या आतल्या बाजूला ब्रश न लावता बोटांनीच लव सोडवावी लागते. मागच्या पायांचं आणि शेपटीचं काम आम्ही लेक घरी येते त्या रविवारासाठी ठेवतो. ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसते, मी मागे बसते, आणि सासूबाई खुर्चीतून सांगतात कुठे राहिलं ते.